मोबाईलवरचा मजकूर आणि मूळ कायदा



धम्मदीक्षा घेतलेल्या घरी थोड्याच दिवसांत मोबाईलवर एक मजकूर येतो: बौद्ध झालात, आता मुलांच्या सवलती गेल्या! आई घाबरते. आजोबा म्हणतात, "आमच्या वेळी असेच झाले होते." मुलगा कागदोपत्री जुनाच धर्म ठेवू म्हणतो. एका ओळीने घराचा निश्चय डळमळतो. म्हणून हा मजकूर कसा तपासावा, हे आज शिकू या.

प्रथम इतिहास पाहू. राष्ट्रपतींनी १९५० साली अनुसूचित जातींविषयीचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात धर्माची अट होती. हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीचे मानले जाणार नव्हते. अपवाद होता तो काही शीख जातींचा. १९५६ साली शीख धर्माचा त्यात समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. पण 'बौद्ध' हा शब्द आदेशात नव्हता. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राचे दार मात्र बंदच राहिले. ते उघडण्यासाठी लोकांना तीस वर्षांहून अधिक काळ झगडावे लागले. अखेर १९९० साली संसदेने आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला.

म्हणजे आजोबा खोटे बोलत नाहीत. ते १९९० पूर्वीचे सांगत आहेत. मोबाईलवरचा मजकूर मात्र जुन्या दुःखाला आजची तारीख लावतो. अनुसूचीतील जातीतून बौद्ध झालेल्या माणसाला आज केंद्रातही अनुसूचित जातीचा हक्क आहे. त्यासाठी धर्म लपविण्याचे कारण नाही.

आता अलीकडचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. तो धर्मांतरितांविषयी आहे एवढेच ऐकून आपले लोक घाबरतात. परंतु आयोगापुढे ठेवलेला प्रश्न हिंदू, शीख आणि बौद्ध यांखेरीज इतर धर्मांत गेलेल्यांविषयीचा आहे. नेमणुकीची अधिसूचना वाचली की भीती उरत नाही.

वाचावे कोठे? ज्या मोबाईलवर अफवा येते, त्याच मोबाईलवर कायदाही वाचता येतो. केंद्रीय कायदे 'इंडिया कोड' ह्या सरकारी संकेतस्थळावर आहेत. संविधान सभेतील चर्चा लोकसभेने उपलब्ध केल्या आहेत. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. इंग्रजी अवघड वाटल्यास शिकणाऱ्या मुलामुलीकडून वाचून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

कोणताही मजकूर आला की तीन प्रश्न विचारा:

१. हे कोणी लिहिले? नाव नसेल तर थांबा.
२. हे कोणत्या सालचे आहे? कायदा बदलतो, जुनी बातमी नवी म्हणून फिरते.
३. मूळ कागद कोठे आहे? तो पाहिल्यावाचून मजकूर पुढे पाठवू नका.

ही आपल्या धम्माचीच शिस्त आहे. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते: ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात आहे, एवढ्यावरून मानू नका, स्वतः पारखून घ्या. आपले मत जुळते म्हणून आलेला मजकूरही ह्याच कसोटीला लावावा. बाबासाहेबांच्या नावाने फिरणारी वाक्येही त्यांच्या ग्रंथात शोधूनच स्वीकारावीत.

रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढा. आठवड्यात आलेला एक मजकूर एकाने वाचावा आणि बाकीच्यांनी तीन प्रश्न विचारावेत. वडीलधाऱ्यांनी १९९० पूर्वीचा आपला अनुभव सांगावा आणि मुलांनी तो साल घालून वहीत लिहावा. घराचा इतिहास असाच जपला जातो.

अभ्यासासाठी प्रश्न: १९५०, १९५६ आणि १९९० ह्या तीन सालांत आदेशात काय होते व काय बदलले, ते मुलांनी आईला समजावून सांगावे.

नमो बुद्धाय. जयभीम.