यात्रा, प्रवास आणि धूर : एक जमाखर्च

आषाढ पौर्णिमा आली की आपल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते व ते आश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. यंदा पहिल्याच दिवशी दहावीतल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "काका, भिक्खू पावसाळ्यात एका जागी का राहतात? पावसात भिजू नये म्हणून काय?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना माझ्याच डोक्यात पुढचा प्रश्न उभा राहिला. हा लेख त्यातून झालेला आहे.

वर्षावासाचा नियम भिजण्याच्या भीतीने झालेला नाही. विनयपिटकात त्याचे कारण स्पष्ट दिलेले आहे. पावसाळ्यात भिक्खू गावोगाव फिरत, तेव्हा त्यांच्या पायाखाली उगवते पीक तुडवले जाई, बारीक जीव चिरडले जात, आणि लोकांनी तशी तक्रार केली. तथागतांनी ती तक्रार ऐकली आणि तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. लक्षात घ्या, तथागतांनी चारिका बंद केली नाही. पंचेचाळीस वर्षे ते पायी फिरले. ऐंशीव्या वर्षीही राजगृहाहून निघून कुशीनाऱ्यापर्यंत ते चालत गेले. परंतु आपल्या प्रवासाने दुसऱ्याचे काय होते, हा प्रश्न त्यांनी गैरलागू मानला नाही.

आज आपले पाय पीक तुडवत नाहीत. आपण गाडीने जातो. मग तुडवले काय जाते, हे पाहू.

विद्यार्थी मित्रांसाठी थोडे शास्त्र सांगतो. मी कला शाखेचा पदवीधर, तेव्हा चूकभूल देणे-घेणे. पण हिशेब माझ्या रोजच्या सरावाचा आहे. एक लिटर डिझेलचे वजन किलोला कमीच, साधारण ८३० ग्रॅम भरते. ते जाळल्यावर मात्र सुमारे २.७ किलो कार्बन डाय-ऑक्साईड वायू बाहेर पडतो. मुद्दल पाऊण किलोच्या वर आणि परतफेड पावणेतीन किलो, हे कसे? डिझेलमधला कार्बन जळताना हवेतला प्राणवायू ओढून घेतो. कार्बनच्या १२ भारांना प्राणवायूचे ३२ भार जोडले जातात व ४४ भारांचा वायू तयार होतो. पेट्रोलचा आकडा लिटरमागे साधारण २.३ किलो आहे. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, पण तो वातावरणात शेकडो वर्षे साचून राहतो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. एखाद्या माणसाच्या किंवा कुटुंबाच्या नावावर असा जो वायू निघतो, त्याच्या बेरजेला कार्बन फूटप्रिंट म्हणतात. आपण त्याला धुराचे खाते म्हणू.

आता आपलेच खाते उघडू. ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीला जातो. माझ्या लहानपणी वस्तीतले लोक एस.टी.ने किंवा मिळेल त्या वाहनाने स्टेशन गाठत आणि पुढे रेल्वेच्या साध्या डब्यात दाटीवाटीने बसत. भाकरी फडक्यात बांधलेली असे. अलीकडे चित्र बदलले आहे. नागपूर–तुळजापूर महामार्ग आपल्या गावावरून गेला, रस्ता रुंद झाला, घरोघरी गाड्या आल्या. मागच्या खेपेला आपल्या वस्तीतून एकाच रात्री, एकाच ठिकाणी जाण्यासाठी किती गाड्या निघाल्या, ते ज्याने त्याने आठवून पाहावे. त्यातल्या एका गाडीत मी होतो. आम्ही दोघे नवरा-बायको, मेहुणे आणि मागच्या सीटवर गाद्या!

अहमदपूर ते मुंबई अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जाऊन-येऊन अकराशे. लिटरला १५ किलोमीटर चालणाऱ्या पेट्रोल गाडीला ७३ लिटर लागतात. त्याचा वायू झाला १६८ किलो. चौघे बसले तर माणशी ४२ किलो, दोघेच गेले तर ८४. जीपगाडी लिटरला १२ देते असे धरले व नऊ माणसे बसली तर माणशी सुमारे २८ किलो. एस.टी. बस लिटरला जेमतेम साडेचार किलोमीटर चालते, म्हणून ती जास्त धूर करते असे पुष्कळांना वाटते. करतेच, पण तिच्यात ४४ आसने आहेत. अकराशे किलोमीटरला २४४ लिटर, वायू ६६० किलो, माणशी १५. रेल्वेचा आकडा आपल्या देशासाठी अभ्यासकांनी प्रवाशामागे किलोमीटरला दहा ग्रॅमच्या आसपास काढलेला आहे. त्याने मुंबईची फेरी दहा-अकरा किलोत बसते.

म्हणजे चाळीस माणसे दहा गाड्यांतून गेली तर १,६८० किलो, आणि तीच चाळीस माणसे एका एस.टी.तून गेली तर ६६०. एका रात्रीत एक टनाचा फरक. यासाठी कोणाची यात्रा रद्द करावी लागत नाही, फक्त रिकामी आसने घेऊन फिरणे थांबवावे लागते.

हा हिशेब मी विहारात मांडला तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठ बांधवांनी मला चांगलेच फैलावर घेतले. ते म्हणाले, "साहेब, आता कुठे आपल्या पोरांच्या दारात गाडी उभी राहिली, तर तुम्ही उतरा म्हणता? ज्यांनी शंभर वर्षे धूर केला त्यांना सांगा." हा आक्षेप वरवरचा नाही. त्याला उत्तर देण्यापूर्वी तो नीट समजून घेतला पाहिजे.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. त्यांचे वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. रोखपाल म्हणजे आमच्याच धंद्यातले, म्हणून हा तपशील माझ्या मनात राहिला आहे. बाल भीमराव भावंडांसह साताऱ्याकडून रेल्वेने मसूरला उतरले. तोपर्यंत सर्व ठीक होते. जात कळल्यावर मात्र कोणी बैलगाडी देईना. शेवटी दुप्पट भाडे दिले, तेव्हा मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, असा करार झाला. वाटेत पाणी मिळाले नाही. सोबत जेवण असून ती रात्र मुलांनी उपाशी काढली. पुढे १९३४ साली वेरूळकडे जाताना दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाचे पाणी वापरले म्हणून बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांना अपमान सोसावा लागला.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांना भाड्याच्या बैलगाडीत जागा नव्हती, त्यांच्या नातवाच्या दारातली गाडी ही निव्वळ चैन नसते. मोठ्या मोलाने मिळालेली ती मोकळीक आहे. म्हणून आपल्या माणसांना "फिरू नका" असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही, मला तर नाहीच नाही. दुसरी बाजूही खरी आहे. भारतातला सरासरी माणूस वर्षाला सुमारे दोन टन वायू सोडतो, अमेरिकेतला सुमारे चौदा टन. आणि आपल्या दोन टनांतही शेतमजुराचा वाटा वेगळा, माझ्यासारख्या पगारदाराचा वेगळा. साध्या डब्यातून मुंबईला जाणाऱ्या माउलीला या लेखातून शिकण्यासारखे काही नाही. शिकायचे असेल तर आपणच तिच्याकडून शिकावे.

मग हा विषय आपल्यापुढे मांडायचाच कशाला? कारण खाते कोणाचेही असो, वसुली आपल्या दारी आधी येते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, उभी पिके झोपली. २०१६ साली लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. त्या टंचाईला केवळ हवामानबदल जबाबदार होता असे मी म्हणणार नाही. ऊस किती लावला, बोअर किती खोल नेले, तलावातला गाळ कोणी काढला नाही, ही पापे इथलीच आहेत. पण वातावरण तापले की पावसाचे खंड लांबतात आणि पडला तर एकदम कोसळतो, हे शास्त्रज्ञ सांगतात. त्या वेळी कोरडवाहू दोन एकरवाला आणि बोअर नसलेली वस्ती आधी सापडते. घागर घेऊन रांगेत कोण उभे होते, हे आपण पाहिलेले आहे.

ज्या रेल्वेने ते पाणी आले, तिच्याकडे आपण प्रवासासाठी पाठ का फिरवावी, हे मला कळत नाही. अहमदपूरला रेल्वे नाही, ही गैरसोय खरी. पण लातूर रोड जंक्शन तासाभराच्या अंतरावर आहे. बीदरहून मुंबईला जाणारी गाडी तिथे थांबते; लातूरहूनही रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचता येते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण झाले, आणि त्यातला सर्वांत शेवटी उरलेला तुकडा आपलाच होता : औसा रोड ते लातूर रोड, ५२ किलोमीटर. वीज म्हणजे धूर नाही असे समजू नका. औष्णिक केंद्रात कोळसा जळतोच, आणि त्या केंद्रालाही पाणी लागते. २०१३ साली पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते. पण हजार-दीड हजार माणसे एका इंजिनामागे जातात, म्हणून वाटा लहान होतो. शिवाय पुढे वीज सूर्यापासून येऊ लागली की तीच गाडी आपोआप स्वच्छ होईल.

आता बुद्धगयेचे पाहू. बँक कर्मचाऱ्यांना प्रवास सवलत असते, आम्ही तिला एलएफसी म्हणतो. सहकाऱ्यांत ती विमानाने घेण्याची हौस वाढली आहे. मीही एकदा हैदराबादहून पाटण्याला विमानाने जाऊन बुद्धगया केली. हवाई अंतर साडेअकराशे किलोमीटरच्या पुढे. विमानाचा आकडा प्रवाशामागे किलोमीटरला सव्वाशे ग्रॅमच्या जवळपास धरतात. जाऊन-येऊन माणशी २८० किलो झाले. सरासरी भारतीय माणसाचा पन्नास दिवसांचा सगळा वायू मी चार-पाच तासांत वापरला! सिकंदराबादहून दानापूरच्या रेल्वेने तेच अंतर वळणाने दोन हजार किलोमीटरच्या घरात जाते, तरी जाऊन-येऊन ४० किलोच्या आसपास भागते. आणि खरे सांगायचे तर विमानातून पाहिलेले काहीच आठवत नाही. बोधिवृक्षाखाली अर्धा दिवस, सारनाथ एका सकाळी, आणि परत. आपल्या सासूबाई १९९० च्या दशकात रेल्वेने गेल्या होत्या, त्यांना डब्यातली शेजारीण अजून नावानिशी आठवते. दोन-दोन वर्षांनी धावतपळत जाण्यापेक्षा आयुष्यात एकदा-दोनदा जावे, पंधरा दिवस काढावेत आणि कुशीनगर, लुंबिनीही त्याच फेरीत करावे. येण्या-जाण्याचा धूर मग एकदाच होतो.

प्रत्येक सुटीत लांबच गेले पाहिजे असेही नाही. जवळचे आपण पाहिलेलेच नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. दोन हजार वर्षांपूर्वी तिथला माल बैलगाड्यांनी भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. उत्खननात तिथे विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले, आणि आजचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होते, असे अभ्यासकांचे मत आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालयही तिथे आहे. आपल्या गावचे किती विद्यार्थी तिथे गेले आहेत? शाळेच्या सहलीसाठी एस.टी. सवलतीत मिळते, मुख्याध्यापकांनी पत्र दिले की आगारात काम होते. पौष पौर्णिमेला नांदेडजवळ दाभडच्या बावरीनगर महाविहारात धम्म परिषद भरते. तिथेही गाड्यांची रांग लावण्यापेक्षा दोन बसमध्ये सर्वांना नेता येईल.

बसबद्दल शेवटचे. पूर्ण एस.टी. भाड्याने घेण्याला आगारात प्रासंगिक करार म्हणतात. त्याचे भाडे ऐकून माणूस दचकतो, पण ४४ ने भागून पाहावे. नेहमीच्या बसने गेल्यास २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, ती सवलत करारावर मिळत नाही. म्हणून महिला अधिक असतील तर नेहमीच्या बसने लातूर रोड व पुढे रेल्वे हेच स्वस्त पडेल. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, ज्यांच्याबरोबर तान्ही मुले आहेत, त्यांनी खुशाल गाडीने यावे, मात्र गाडीत जागा रिकामी ठेवू नये.

रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी होत असे, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले आहे. त्या हिशेबाने ४ डिसेंबरच्या रात्रीच्या गाडीचे आरक्षण ५ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता उघडेल. एका अर्जावर सहाच नावे चालतात. त्यामुळे सहा-सहांचे गट आधी ठरलेले असावेत. विहारात ग्रंथवाचनाच्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव, वय आणि खालचा बर्थ हवा की नको, एवढेच लिहावे. पहिल्या पानावर मी माझे, सौ.चे आणि मेहुण्यांचे नाव लिहिले आहे. त्या गटात अजून तीन जागा आहेत.