गाडी विकली, नाव तेच

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 39 नुसार नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि कायद्याच्या लेखी ज्याच्या नावावर नोंदणी, तोच सर्वसाधारणपणे मालक. पैसे मिळाले, किल्ली दिली, पावतीवर सह्या झाल्या, तरी आरटीओच्या नोंदीतले नाव बदलेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याचीच राहते.

प्रस्तुत लेखकाची जुनी स्कूटर एका एजंटामार्फत विकली गेली. ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्या होत्या. खरेदीदाराचे नाव आणि तारीख या जागा मात्र कोऱ्या होत्या. काही महिन्यांनी मोबाइलवर ई-चलन आले. फोटोत हेल्मेट नसलेले दोन अनोळखी तरुण आणि मागे स्पष्ट दिसणारी जुनी नंबरप्लेट. एजंटाकडे विचारणा केली की ‘आज करतो, उद्या करतो’ एवढेच उत्तर. कोऱ्या फॉर्मचा हाच उपयोग असतो: नोंद न बदलता गाडी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते आणि मधल्या प्रत्येकाचे शुल्क वाचते.

चलनाचा दंड भरून सुटता येते. अपघाताचे तसे नाही. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यातली मोटार 2009 च्या अपघातापूर्वीच विकली गेली होती आणि पुढे अनेक हात फिरली होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये भरपाईची जबाबदारी नोंदीत नाव असलेल्या मूळ मालकावरच ठेवली. हा निकाल विक्रेत्याला कठोर वाटेल, पण जखमीने किंवा मृताच्या घरच्यांनी मालकांची साखळी शोधत फिरायचे का, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

परवान्याचेही तेच. विनापरवाना व्यक्तीला गाडी चालवू देणारा मालक कलम 180 नुसार दोषी ठरतो. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास कलम 199अ नुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो. संमती नव्हती, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच येतो.

म्हणून फॉर्म 29 आणि 30 खरेदीदाराच्या समोर, नाव-पत्ता-तारखेसह पूर्ण भरूनच सही करावी. त्याच्या ओळखपत्राची आणि परवान्याची प्रत घ्यावी. कर्ज फिटले असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म 35 देऊन बोजा आधी उतरवावा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचे असते, घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. विमा नावावर करून घेण्याची मुदतही 14 दिवसांचीच. गाडी व्यापाऱ्याला द्यायची असेल तर तो अधिकृत आहे का ते पाहावे. एप्रिल 2023 पासून अशा व्यापाऱ्याला गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म 29सी द्वारे आरटीओला देता येते.

त्यानंतर ‘वाहन’ पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नोंद बदलली का, हे विकणाऱ्याने स्वतः तपासावे. एजंटाच्या तोंडी हवाल्यावर थांबू नये.