आधी कोणता विमा?

प्रश्न : आम्ही ओझरला राहतो. यजमान (३८) खासगी कारखान्यात आहेत, महिन्याला ४५ हजार हातात येतात. सासरे (६८) दीड एकर द्राक्षबाग बघतात. त्यांना बीपी आहे, सासूबाईंना मधुमेह. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. दोन वर्षांपूर्वी घर बांधलं, त्याचं २२ लाखांचं कर्ज बाकी आहे. ओळखीचे विमा प्रतिनिधी वर्षाला ५० हजार हप्त्याची पॉलिसी घ्या म्हणतात, २० वर्षांनी पैसे परत मिळतील. टर्म प्लॅनमध्ये पैसे वाया जातात, असंही सांगतात. घरासाठी आणि घरातल्या माणसांसाठी आम्ही नेमकं काय घ्यावं?
*एक वाचक भगिनी, ओझर*

उत्तर : ताई, आधी 'वाया जातात' याबद्दल बोलू, कारण बहुतेक घरांचा निर्णय तिथेच चुकतो. तुमच्या भागात अवकाळी पावसाच्या धास्तीने द्राक्षबागेवर प्लास्टिकचं आच्छादन घालतात. एखाद्या वर्षी पाऊस आला नाही, म्हणून कोणी त्या प्लास्टिकचे पैसे परत मागत नाही. त्याने द्राक्षं द्यावीत अशीही कोणाची अपेक्षा नसते. विम्याचं काम तेवढंच आहे. ज्या नुकसानीने घर मोडून पडेल, त्यावर आधी आच्छादन घालायचं. बचत वेगळी करायची.

तुमच्या घरापुरता क्रम असा लावता येईल.

१. मिळवत्या माणसाचा विमा. यजमान उद्या नसतील तर काय लागेल, ते मांडून बघा. घरखर्च महिना ३० हजार धरला तर वर्षाचे ३ लाख ६० हजार. मुलगा कमावता होईपर्यंत १६ वर्षं, म्हणजे सुमारे ५८ लाख. (महागाई आणि त्या रकमेवरचं व्याज एकमेकांना साधारण भरून काढतात, असं धरलं आहे.) कर्जाचे २२ लाख, दोघांच्या शिक्षणाचे १५ लाख. बेरीज ९५ लाख. प्रॉव्हिडंट फंड आणि हाताशी असलेली बचत वजा करा. तरी पाऊण ते एक कोटीचं संरक्षण लागतंच.

प्रतिनिधी सांगतात तशा पॉलिसीत संरक्षण हप्त्याच्या साधारण दहा ते वीस पट असतं. ५० हजारांच्या हप्त्यावर पाच ते दहा लाख. त्यात तुमचं अर्धं कर्जसुद्धा फिटत नाही. एक कोटीचा साधा टर्म प्लॅन या वयाच्या, तंबाखू न खाणाऱ्या निरोगी माणसाला त्याहून पुष्कळ कमी हप्त्यात मिळतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. पॉलिसी घेताना ती १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या. मग ती रक्कम तुमची आणि मुलांची राहते, इतर देणेकऱ्यांना त्यावर हात ठेवता येत नाही.

२. आरोग्य विमा, दोन वेगळ्या पॉलिसी. कारखान्याचा मेडिक्लेम असला तरी तो नोकरीपुरता. नोकरी सुटली की तो सुटतो, आणि तोवर वय वाढलेलं असतं. म्हणून तुम्हा चौघांची एक फॅमिली फ्लोटर पॉलिसी आत्ताच सुरू करा. सासू-सासऱ्यांना त्यात घालू नका. सगळ्यांत मोठ्या माणसाच्या वयावर हप्ता ठरतो, आणि त्यांच्या एका आजारपणात मुलांची रक्कम संपू शकते. त्यांची पॉलिसी वेगळी घ्या.

खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी निवडा. मर्यादा दिवसाला ५,००० आणि खोली घेतली ८,००० ची, तर फक्त तीन हजारांचा फरक आपल्या अंगावर येतो, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात डॉक्टर आणि ऑपरेशन थिएटरच्या खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते. त्याचे ८० हजार झाले, तर ५० हजारच मंजूर होतात.

बीपी आणि मधुमेह अर्जात स्पष्ट लिहा. 'लिहू नका, हप्ता वाढेल' असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, लपवलेल्या आजाराचा दावा मात्र ऐन वेळी फेटाळला जातो. अर्ज दुसऱ्याने भरला तरी सही करण्याआधी स्वतः वाचा.

सरकारी आधारही विसरू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. सत्तरी गाठली की आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. पहिलं कार्ड आत्ताच आणि हे सत्तरी गाठताच काढून ठेवा, रुग्णालयाच्या दारात धावपळ नको.

३. घराचा विमा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर यांचं नुकसान त्यात येतं. रक्कम ठरवताना प्लॉटची किंमत धरू नका, जमीन जळत नाही. चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम खर्च, एवढंच. क्षेत्र १,००० चौरस फूट आणि दर चौरस फुटाला २,००० रुपये असेल तर २० लाख. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, म्हणजे चार लाखांचं संरक्षण आपोआप मिळतं (कमाल मर्यादा दहा लाख). दागिने त्यात नसतात, त्यासाठी वेगळी भर घालावी लागते. साधी घरफोडीही येत नाही. आग-पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी तेवढी येते. बँकेने कर्जाबरोबर घराचा विमा आधीच उतरवला असेल, तर तो कोणत्या रकमेचा आहे ते बघा. दोनदा हप्ता भरू नका.

४. बागेचा विमा वेगळा. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट तुमचा निफाड तालुका विसरलेला नाही. पण घराच्या पॉलिसीत बाग येत नाही. त्यासाठी हवामान आधारित फळपीक विमा आहे. गारपिटीचं संरक्षण त्यात जादा हप्ता भरून घ्यावं लागतं, हे अर्ज भरतानाच विचारा. सासऱ्यांच्या नावावर सातबारा असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेची माहितीही घरात सगळ्यांना असू द्या. अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात, हप्ता भरावा लागत नाही.

आयुर्विम्याची किंवा आरोग्य विम्याची पॉलिसी हातात आली की ३० दिवसांत वाचून काढा. पटली नाही तर या मुदतीत परत करता येते.

आता एक गोष्ट, ताई. तुमच्या पत्रात यजमानांचं वय आहे, सासऱ्यांचं आहे, मुलांची आहेत. तुमचं नाही. तुम्ही आजारी पडलात तर मुलांचं, सासूबाईंच्या औषधांचं, बागेवरच्या माणसांच्या डब्याचं कोण बघणार? ती कामं पैसे देऊन करून घ्यायची म्हटलं, तर महिन्याचा आकडा लहान नसेल. म्हणून तो हिशेबही कागदावर घ्या. वय पन्नाशीच्या आत असेल तर बँकेत जाऊन वर्षाला ४३६ रुपयांत जीवन ज्योती आणि २० रुपयांत सुरक्षा विमा योजना सुरू करा. प्रत्येकी दोन लाखांचं संरक्षण आहे. ही सुरुवात समजा. पुढे स्वतःच्या नावाचा छोटा टर्म प्लॅन कोणती कंपनी देते, ते विचारा. आणि सगळ्या पॉलिसींचे क्रमांक एका वहीत लिहून ती वही कुठे आहे, हे तुम्हा दोघांनाही माहीत असू द्या.