दहांपैकी एक : कृतज्ञतेतून विश्वासाची वाढ



दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपणा सर्वांच्या परिचयाची आहे (लूक १७:११-१९). शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवर एका गावाजवळ दहा जण दूर उभे राहून येशूला हाक मारतात. येशू त्यांना याजकांकडे पाठवतो. कुष्ठरोगी शुद्ध झाला की नाही हे ठरवण्याचा अधिकार मोशेच्या नियमशास्त्रानुसार याजकाचा होता (लेवीय १४). वाटेत दहाही जण शुद्ध होतात. माघारी येतो तो एकच, आणि तोही परका, शोमरोनी.

हा उतारा ऐकला की आपण त्या नऊ जणांना लगेच नावे ठेवतो. परंतु त्यांनीही प्रार्थना केली होती. त्यांच्याजवळ विश्वासही होता, कारण अंगावर रोग असतानाच ते याजकांकडे चालू लागले. त्यांनी आज्ञाही पाळली. मग उणे काय पडले? लूक सांगतो की, आपण बरे झालो हे त्या एकाने पाहिले आणि तो मागे फिरला. नऊ जणांना देणगी मिळाली. एकाला देणारा भेटला. तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे, असे येशू त्यालाच सांगतो. विश्वास वाढतो तो या मागे फिरण्यातून.

तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ व ईशज्ञानी संत थॉमस अक्वायनस कृतज्ञतेला न्याय या सद्गुणाशी जोडतात. म्हणजे आभार मानणे ही केवळ चांगली रीत नसून ते आपले देणे आहे. या देण्याच्या ते तीन पायऱ्या सांगतात : मिळालेला उपकार ओळखणे, त्याबद्दल आभार व्यक्त करणे आणि योग्य वेळी यथाशक्ती परतफेड करणे. उपकार मुळात न ओळखणे हा त्यांच्या मते कृतघ्नतेचा सर्वांत वाईट प्रकार होय. या तीन पायऱ्यांवर आज आपण थोडे मनन करू या.

१. ओळखणे : पवित्र शास्त्र

डोळे असले म्हणजे दिसतेच असे नाही. अनुवाद या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे इस्राएली लोकांना सावध करतो. पोटभर जेवाल, चांगली घरे बांधाल, गुरेढोरे व सोनेनाणे वाढेल, तेव्हा हे सारे माझ्याच हाताच्या बळाने झाले असे मनात आणू नका, असे तो बजावतो. हा इशारा आज आपल्यालाही लागू पडतो. घर बांधून झाले, मुले शिकली, कुणी परदेशी नोकरीला लागले, की देव मिस्सेपुरता उरतो.

पवित्र शास्त्र आपल्याला आठवण ठेवायला शिकवते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, तेव्हा ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्याही कानी तारणाचा इतिहास गाण्यातून पडू लागला. आज आपल्या घराघरांत मराठी बायबल आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली देवाच्या प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांना शास्त्रवाचनाचा आग्रह केला आणि वाचनाला प्रार्थनेची जोड असावी असेही सांगितले. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी सामान्य काळातील तिसरा रविवार 'देवशब्दाचा रविवार' म्हणून जाहीर केला. तरीही बायबल वेदीवरच्या फुलांशेजारी नुसते शोभेला राहिले, तर आपली स्मृती कोरडीच राहील.

२. व्यक्त करणे : प्रार्थना

कुटुंबभेटीला गेल्यावर आम्हांला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. घरात तरुण माणूस गेला, नोकरी सुटली, आजार हटत नाही. फादर, आता कशाबद्दल आभार मानायचे? हा प्रश्न खरा आहे. त्याला गुळगुळीत उत्तर देणे बरे नव्हे.

संत पौल थेस्सलनीकाकरांना सतत प्रार्थना करण्यास आणि सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करण्यास सांगतो (१ थेस्स. ५:१६-१८). इ. स. ५०-५१ च्या सुमारास लिहिलेले हे पत्र नव्या करारातील सर्वांत जुन्या लिखाणांपैकी एक आहे. ते कोणाला लिहिले होते? ज्या शहरातून दंगलीमुळे पौलाला रातोरात निघावे लागले, तिथल्या छळ सोसणाऱ्या नवख्या मंडळीला. त्यांच्यातली काही माणसे मरण पावली होती आणि मागे राहिलेले दुःखात होते (१ थेस्स. ४:१३). अशांना पौल सांगतो की, परिस्थिती कोणतीही असो, त्या परिस्थितीत आभार माना. छळाबद्दल किंवा मरणाबद्दल आभार माना, असे तो त्यांना म्हणत नाही. या दोहोंत फार मोठे अंतर आहे. लेकरू गमावलेल्या आईने त्या मरणाबद्दल देवाचे आभार मानावेत अशी ख्रिस्तसभेची शिकवण नाही. येशू स्वतः लाजरच्या कबरेपाशी रडला.

रडणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे, परंतु त्यात भक्त देवाला चार वेळा विचारतो की, हे अजून कुठवर? शेवटी मात्र तो देवाच्या उपकारांचे गीत गातो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट तर काळोखातच होतो, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवाकडे गाऱ्हाणे मांडणाऱ्याने त्याच्याशी बोलणे थांबवलेले नसते, आणि त्यातूनच पुढे आभाराचा शब्द फुटतो.

संत इग्नेशियस लोयोला यांनी दिवसअखेरच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या घालून दिल्या. त्यांतली पहिली आपल्या पापांची नाही, तर मिळालेल्या उपकारांबद्दल आभार मानण्याची आहे. आधी प्रेम आठवावे, मग चुका पाहाव्यात. असे केल्याने पश्चात्ताप खरा होतो आणि मन खचत नाही.

३. परतफेड : मिस्सा आणि शेजारी

माघारी आलेल्या त्या शोमरोन्याने आभार मानले, हे सांगताना लूक जे ग्रीक क्रियापद वापरतो, तेच त्याने शेवटच्या भोजनप्रसंगी येशूसाठी वापरले आहे (लूक २२:१९). त्याच शब्दापासून 'युखरिस्त' हे नाव आले. विश्वासघाताच्या रात्री, क्रूस समोर दिसत असताना येशूने भाकर घेऊन आभार मानले आणि ती मोडून दिली. आभारापाठोपाठ देणे आले. म्हणून मिस्सा संपल्यावर आपली कृतज्ञता चर्चच्या दारात थांबू नये. आजारी शेजाऱ्याकडे, एकट्या पडलेल्या वृद्धाकडे, रुसलेल्या भावाकडे ती पोहोचली पाहिजे.

या आठवड्यासाठी

रोज रात्री जपमाळेच्या वेळी लूक १७:११-१९ किंवा तेरावे स्तोत्र सावकाश वाचावे. घरातल्या प्रत्येकाने त्या दिवसाचा एक उपकार मोठ्याने सांगावा. ज्याच्या मनात दुःख आहे त्याने दुःख सांगावे; त्याला कोणी अडवू नये. आणि शनिवारपर्यंत अशा एका व्यक्तीला भेटावे, जिचे आभार मानायचे राहून गेले आहेत.

हे प्रभो, आमचे डोळे उघड, म्हणजे आम्ही तुझे उपकार ओळखू. आमचे ओठ उघड, म्हणजे सुखात आणि दुःखातही तुझ्याशी बोलू. आमचे हात उघड, म्हणजे जे फुकट मिळाले ते फुकट देऊ. आमेन.