भीतीचे इंग्रजी शब्द : अध्यापनाविषयी काही सूचना



महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जात आहे. वस्तूंची नावे मुले लवकर आत्मसात करतात. मनातील भाव सांगताना मात्र ती अडखळतात. त्यांपैकी भीती या भावाचा येथे विचार करावयाचा आहे.

१. वाक्यरचना : ‘मला सापाची भीती वाटते’ या वाक्यात भीती वाटते आणि ती ज्याला वाटते त्याला ‘ला’ हा प्रत्यय लागतो. इंग्रजीत भिणारी व्यक्ती हीच कर्ता होते : ‘आय ॲम अफ्रेड ऑफ स्नेक्स.’ ‘अफ्रेड’ हे विशेषण आहे, क्रियापद नव्हे. म्हणून ‘ॲम’ गाळता येत नाही. त्यापुढे ‘ऑफ’ येते, ‘फ्रॉम’ नव्हे. हा भेद फळ्यावर दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून दाखवावा.

२. ‘ऑफ’ व ‘टु’ : साने गुरुजींचे जन्मगाव पालगड आपल्याच जिल्ह्यातील. त्यांच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकातील पोहण्याचा प्रसंग मुलांच्या परिचयाचा असतो. त्यावरून दोन वाक्ये घ्यावीत : ‘श्याम वॉज अफ्रेड ऑफ द वेल’ आणि ‘श्याम वॉज अफ्रेड टु जंप.’ पहिल्यात भीती कशाची ते कळते, दुसऱ्यात कोणती कृती करण्यास मन धजत नाही ते कळते.

३. अर्थच्छटा : सर्वच भीतीस एक शब्द पुरत नाही. वीज कडाडताच दचकतो तो ‘स्टार्टल्ड’. परीक्षेपूर्वी धाकधूक होते तो ‘नर्व्हस’. वादळात होडी परतली नाही म्हणून घरची माणसे चिंतेत पडतात ती ‘वरीड’. घाबरलेला तो ‘फ्रायटन्ड’, बोलीत ‘स्केअर्ड’. ज्याचा थरकाप उडाला तो ‘टेरिफाइड’.

४. दोन नेहमीच्या चुका : ‘अफ्रेड’ नामापूर्वी येत नाही. ‘घाबरलेला मुलगा’ म्हणजे ‘अ फ्रायटन्ड बॉय’. तसेच स्वतः भ्यालेला कुत्रा ‘फ्रायटन्ड’ आणि दुसऱ्यास भिवविणारा कुत्रा ‘फ्रायटनिंग’. एवढ्या फरकाने अर्थ उलटतो.

५. वाक्प्रचार : ‘पाचावर धारण बसणे’ याचे शब्दशः भाषांतर करवून घेऊ नये. आपल्या अंगावर काटा येतो. इंग्रजाच्या कातडीवर पिसे उपटलेल्या हंसिणीप्रमाणे पुरळ उठते, त्यास ‘गूज पिंपल्स’ म्हणतात. शिवाय ‘आय ॲम अफ्रेड ही इज नॉट ॲट होम’ यात भीती नसून ‘तो घरी नाही, क्षमा असावी’ एवढाच सौजन्याचा भाव असतो.

६. दक्षता : उदाहरणे मुलांच्या अनुभवातून घ्यावीत, परंतु दुखरी जागा उघडी करू नये. दिनांक २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. ज्या मुलांनी असे पाणी घरात शिरताना पाहिले, त्यांना वर्गापुढे उभे करून ‘तुला तेव्हा काय वाटले?’ असे विचारू नये. मूल आपणहून सांगू लागल्यास ते आधी मराठीत पूर्ण ऐकावे. इंग्रजी वाक्य नंतर.

सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. ही मनाई पाळूनही वर्गात भीती उरू शकते. चुकलेल्या उच्चाराला हसू होते त्या वर्गात मूल तोंड मिटून बसते. ‘आय ॲम अफ्रेड’ हे वाक्य मुलाला निर्भयपणे उच्चारता आले पाहिजे. ते भीतभीत पाठ केले तर पाठ वाया गेला.

अभ्यास : (अ) प्रत्येक मुलाने ‘अफ्रेड ऑफ’ व ‘अफ्रेड टु’ यांचे एकेक वाक्य सांगावे. (आ) ‘पूर्वी भीत होतो, आता भीत नाही’ या अर्थाचे वाक्य करावे : ‘आय वॉज अफ्रेड ऑफ द डार्क. आय ॲम नॉट अफ्रेड नाऊ.’ पाठाचा शेवट याच वाक्याने करावा.