सेव्ह केलं आणि कुलूप लागलं

मुलांनो, ही गोष्ट माझ्या पहिल्या नोकरीतली. लिनक्सच्या एका सर्व्हरवर आमच्या टीमची एक सामायिक फाईल होती. संध्याकाळी मी तिच्यात दोन ओळी बदलल्या, सेव्ह केलं आणि घरी गेलो. रात्री टीममधल्या मैत्रिणीचा फोन आला. "अरे, फाईल दिसतेय, पण मला लिहिताच येत नाहीये!" मी ठसक्यात म्हणालो, "मी परवानग्यांना हातसुद्धा लावला नाही. तूच काहीतरी केलं असशील."

केलं होतं मीच!

परवानगी कशी मोजतात ते आधी बघू. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. फाईलला असे तीन आकडे असतात. पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. आमची फाईल ६६४ होती. ६ म्हणजे ४ अधिक २. म्हणून मालक आणि गट, दोघांनाही वाचता-लिहिता यायचं. मी सेव्ह केल्यावर ती ६४४ झाली. गटाचे २ गेले.

कुठे गेले? समजा, तुमची वही फाटली. तुम्ही सगळं नव्या वहीत उतरवलंत, तेच नाव घातलंत आणि जुनी रद्दीत टाकलीत. पण जुन्या वहीवर 'सगळ्यांनी लिहा' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. तीही रद्दीत गेली! काही एडिटर असंच करतात. आधी नवी फाईल लिहितात, मग तिला जुन्या फाईलचं नाव देतात. हा वेडेपणा नाही बरं का. लिहिता लिहिता वीज गेली, तरी जुनी फाईल शाबूत राहते. पण नव्या फाईलचा मालक होतो सेव्ह करणारा, आणि परवानग्या ठरतात 'युमास्क'वरून. तो बऱ्याच ठिकाणी ०२२ असतो. म्हणजे गटाचे आणि इतरांचे लिहिण्याचे २ काढून टाकायचे.

चांगले एडिटर जुन्या परवानग्या नव्या फाईलवर घालायचा प्रयत्न करतात. माझा तेव्हाचा एडिटर करत नव्हता. 'विम'मध्ये तर 'बॅकअपकॉपी' नावाची सेटिंगच आहे. ती 'येस' केली की आधी जुन्याची प्रत निघते आणि नवा मजकूर मूळ फाईलमध्येच लिहिला जातो.

त्या रात्री मी 'चमॉड' चालवून गटाचे २ परत दिले. सॉरी मात्र दुसऱ्या दिवशी म्हटलं, समोरासमोर.

शब्दार्थ
सामायिक – सगळ्यांची मिळून असलेली
ठसक्यात – तोऱ्यात
उतरवणे – बघून पुन्हा लिहिणे
शाबूत – सुरक्षित, न बिघडलेली

प्रश्न
१. फाईल ६४० असेल, तर इतरांना काय करता येईल?
२. मैत्रिणीला फाईल वाचता का येत होती?
३. तुम्ही न तपासता कोणाला दोष दिलात, असा प्रसंग चार ओळींत लिहा.