वाळूच्या खाणीतला मल्ल

आफ्रिकेत कॅमेरून नावाचा देश आहे. त्या देशात बातिए नावाचे गाव आहे. फ्रान्सिस एन्गानू हा तिथला. घरची गरिबी. पोरवयातच तो वाळूच्या खाणीत फावडे मारू लागला. अंग कणखर झाले, पण हातात चार पैसे उरेनात.

२०१२ साली त्याने गाव सोडले. वाळवंट तुडवले, समुद्र ओलांडला, स्पेन देश गाठला. परवाना नव्हता, म्हणून अटक झाली. सुटून पॅरिस शहरी आला. तिथे निजायला घर नव्हते.

तिथल्या एका तालमीत तो नवा खेळ शिकला. या खेळात ठोसे, लाथा आणि कुस्तीचे डाव, सगळे चालते. फ्रान्सिसचा ठोसा म्हणजे घणाचा घाव! एकेक गडी आडवा झाला.

२०१८ साली अमेरिकेत अजिंक्यपदाची लढत ठरली. समोर स्टीपे मिओचिच. तो कुस्तीत मुरलेला. त्याने फ्रान्सिसला खाली पाडून पाडून दमवले. पाच फेऱ्या झाल्या. फ्रान्सिस हरला.

नुसत्या ताकदीने भागत नाही, हे त्याला उमगले. तो पुन्हा शिकू लागला. दम राखायला शिकला. कुस्ती शिकला. २०२१ साली त्याने मिओचिचला दुसऱ्याच फेरीत लोळवले आणि अजिंक्यपद मिळवले.

२०२२ साली सिरिल गानशी गाठ पडली. फ्रान्सिसचा गुडघा दुखावलेला. तरी तो जिंकला. कशाने? कुस्तीच्या डावांनी!

त्याने आपल्या गावच्या पोरांसाठी तालीमही बांधली.

सांगा पाहू :
१. फ्रान्सिस २०१८ साली का हरला?
२. हरल्यावर तो काय शिकला?